मागून येणारा आवाज

गाडीच्या पुढून आवाज आला की आपण निदान बॉनेट उघडून पाहतो. मागून आला की मात्र "सामान हलत असेल" म्हणतो आणि आठ दिवस काढतो. घाटघरच्या एका जीपचं असंच झालं. जुन्नरहून आपटाळे, चावंड करत माणसं आणि पोती वाहणारी ही डिझेलची गाडी. निघताना मागून एकदाच 'फट्' व्हायचं, मग सगळं शांत.

चालकाचा संशय सायलेन्सरवर. पण सायलेन्सरचा फटाका बहुधा पेट्रोलच्या गाडीत, अॅक्सिलरेटर सोडताना वाजतो. म्हणून आधी मागचं सगळं सामान उतरवलं. हसू नका, निम्म्या वेळा सीटखालचा जॅकच गुन्हेगार निघतो! या वेळी तो नव्हता.

मग नाणेघाटाच्या माथ्यावर, जकातीचा दगडी रांजण आहे त्या बाजूच्या सपाटीवर गाडी नेली. आवाज कसा येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हे मी आधी पाहतो. एकच चाक खड्ड्यात गेल्यावर आला तर त्या बाजूचे बुश, शॅकल किंवा शॉक अॅब्जॉर्बर तपासावेत. रबरी बुशवर साबणाचं पाणी ओतल्यावर आवाज थोडा वेळ थांबला, तर चोर तिथेच आहे. इंजिन ऑइल मात्र ओतू नये, रबर फुगतं.

इथे खड्ड्यांचा संबंध नव्हता. पहिल्या गिअरमध्ये एक 'फट्', रिव्हर्सला दुसरा. म्हणजे ओढ बदलली की काहीतरी सरकत होतं. चाकांना दगड लावून प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून पाहिला; क्रॉस घट्ट होते. नंतर चालकाला ब्रेक दाबून क्लच अलगद सोडायला सांगितलं आणि मी बाजूला उभं राहून वाकून पाहिलं. (गाडी चालू असताना खाली शिरू नये. बंद असली तरी नुसत्या जॅकच्या भरवशावर तर नाहीच.) डावीकडे एक्सल पाट्यांखाली किंचित सरकला. यू-बोल्टच्या बुडाशी तांबूस गंजाची पूड जमली होती. पाना लावला तर नट सहज फिरला.

तीन आठवड्यांपूर्वी एक पाटा बदलला होता. नवे पाटे भाराखाली बसतात, त्यामुळे काहीशे किलोमीटरनंतर, गाडी चाकांवर उभी असताना, नट पुन्हा आवळावे लागतात. ते राहून गेलं होतं.

यात धोका काय? एक्सल पाट्यांना धरून ठेवतात ते यू-बोल्ट. पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो. त्याचं काम पाटे एकत्र ठेवण्याचं आणि एक्सलची जागा दाखवण्याचं. यू-बोल्ट सैल झाले की ब्रेकचा, चढाचा सगळा झटका त्या बोटभर बोल्टवर येतो. तो तुटला की एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरपी धावू लागते. भरल्या जीपमध्ये, पावसाळी उतारावर हे झालं तर स्टिअरिंग हातात असून उपयोग नाही.

नट जागेवरच आवळले आणि रिकामी गाडी सावकाश जुन्नरला नेली. तिथे सेंटर बोल्ट बाहेर काढला, तर एका अंगाने घासून त्याला खाच पडली होती. चारही यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवे टाकले. नट आवळून झाल्यावर चालकाने प्रत्येकावरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. नट जरा जरी फिरला, तरी आता रेघ तुटलेली दिसते.