पडलेला लॅपटॉप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लॅपटॉप बहुतेक वेळा दोनच कारणांनी पडतो. घरात चार्जरच्या वायरीत पाय अडकतो, नाहीतर दुचाकीवर पाठीवरची पिशवी निसटते. जिंतूर किंवा गंगाखेडहून परभणी सुमारे ४० किलोमीटर आहे. त्यामुळे पडलेला लॅपटॉप शहरातल्या दुकानात पोहोचेपर्यंत घरात सगळ्यांनी तो एकेकदा सुरू करून पाहिलेला असतो. पडल्याने होते त्याहून मोठे नुकसान पुष्कळदा या सुरू करून पाहण्यानेच होते.

‘चालू झाला, म्हणजे काही झाले नाही’ हा समज सर्वांत महागात पडतो. जुन्या लॅपटॉपमधल्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेते आणि वाचणारे हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरच वर तरंगते. बंद डिस्क चालू डिस्कपेक्षा दुपटीहून अधिक धक्का सोसते. चालू असताना आदळली तर हेड तबकडीला घासते. अशी डिस्क कधी आठवडाभर चालते आणि मग टकटक आवाज करू लागते. तो आवाज आला की लॅपटॉप ताबडतोब बंद करावा, कारण पुढचे प्रत्येक सुरू करणे म्हणजे नवा ओरखडा. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सुचवला जातो; त्याने आत बाष्प जमते आणि उरलेली आशाही जाते. आवाज नसेल, तर सर्वांत आधी फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, दुरुस्तीचा विचार नंतर.

एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने ती धक्क्याला सहसा दाद देत नाही. मात्र ‘एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळे मिळते’ हेही नेहमी खरे नसते. अनेक नव्या विंडोज लॅपटॉपांत बिटलॉकरचे कुलूप आपोआप लागलेले असते आणि ते ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय उघडत नाही. ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. काही पातळ मॉडेलांत तर एसएसडी बोर्डावरच सोल्डर केलेली असते, काढण्याचा प्रश्नच नाही.

स्क्रीन काळी पडली की ‘बोर्ड गेला’ असे लगेच ठरवले जाते. फॅनचा आवाज येतो का, कॅप्स लॉकचा दिवा लागतो का, हे आधी पाहावे. मग एचडीएमआय वायरीने घरातला टीव्ही जोडावा. टीव्हीवर चित्र आले, तर बोर्ड बहुधा ठीक आहे. दोष पॅनेलमध्ये किंवा बिजागरीजवळून जाणाऱ्या डिस्प्ले केबलमध्ये आहे. स्क्रीनवर तिरपा टॉर्च मारल्यावर अंधुक चित्र दिसले, तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे. टीव्हीवरही काही नसेल, तर रॅम जागेवरून सरकलेली असू शकते. ती काढून पुन्हा नीट बसवणे हे काही मिनिटांचे काम आहे, पण आधी चार्जर आणि बॅटरी सुटी करायलाच हवी.

तुटलेल्या बिजागरीला फेविक्विक लावणे हा हमखास घरगुती उपाय. बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये रोवलेल्या पितळी नटांत बसतात आणि पडल्यावर हे नटच उपटून येतात. ठिसूळ सुकणारा गोंद झाकणाचा रोजचा ताण सोसत नाही. झाकण पुन्हा उघडताना तो तडकतो आणि कधी डिस्प्ले केबल नाहीतर पॅनेल सोबत जाते. बॉडीचा तो भाग बदलणे, किंवा नट नव्याने इपॉक्सीत बसवून बिजागरी थोडी सैल करणे, हे खरे काम.

‘हीट मारली की बोर्ड सुरू होतो’ हे अर्धसत्य आहे. चिपखालच्या सोल्डरला तडा गेला असेल, तर गरम हवेने काही दिवस संपर्क जुळतो. शिसेविरहित सोल्डर वितळायला साधारण २१७ अंश सेल्सिअस लागतात आणि तेवढ्या उष्णतेत शेजारचे भागही दुखावतात. टिकाऊ उपाय म्हणजे चिप काढून, नवे सोल्डर घालून पुन्हा बसवणे.

बॅटरीबाबत मात्र कसलीही चाचपणी करू नये. टचपॅड वर आला किंवा तळ फुगला, तर चार्जिंग थांबवून लॅपटॉप बंद करावा. परभणीच्या उन्हाळ्यात पारा सहज ४० अंशांपुढे जातो. म्हणून फुगलेली बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवणे धोक्याचे. तिला टाचणी मारून ‘हवा काढणे’ म्हणजे आगीला आमंत्रण. ती घंटागाडीतही टाकू नये: २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

शेवटी वॉरंटी. साध्या वॉरंटीत पडून झालेले नुकसान बसत नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. ‘मिलिटरी ग्रेड’ या शिक्क्याचाही अर्थ मर्यादित आहे. मिल-एसटीडी-८१० या अमेरिकी मानकात १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडण्याची चाचणी आहे, पण ती पाच नमुन्यांत वाटून घेता येते, आणि चाचण्या कोणत्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते.