दगडाचा ओटा : निवड आणि निगा

सोफा दहा वर्षांनी बदलता येतो, भिंतींना रंग दर दिवाळीला देता येतो. ओटा मात्र एकदा बसला की बहुतेक घरांत वीस-पंचवीस वर्षे हलत नाही. तरीही दुकानात आपण तो दहा मिनिटांत, रंग पाहून ठरवतो. आपल्या हैदराबादच्या मंडळींना याबाबत एक सोय आहे. चांगला दगड आपल्या अंगणातच आहे. बंजारा हिल्सचे मोठमोठे खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइटच आहेत. टॅन ब्राउन करीमनगर भागातून येतो, सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चिमकुर्तीहून, आणि शहाबाद, तांदूर, कडप्पा ही तर गावांच्या नावानेच विकली जाणारी फरशी.

कोणता दगड कशासाठी?

आपल्या आजीच्या पिढीने गॅस आल्यावर चुलीपुढून उठून उभ्याने स्वयंपाक सुरू केला, तेव्हा ओट्यावर आली ती बहुधा कडप्पा. काळी, स्वस्त, मजबूत. पण कडप्पा, शहाबाद, तांदूर, कोटा हे सगळे चुनखडीच्या जातीचे, आणि संगमरवरही त्यांचाच चुलतभाऊ. चुन्याचे आणि आंबटाचे जमत नाही. लिंबू, चिंचेचा कोळ, आमसूल, टोमॅटो, दही यांपैकी काहीही सांडून राहिले की चकाकी जाते आणि पांढुरका चट्टा पडतो. तो डाग नसतो, दगडाचा वरचा थर विरघळलेला असतो. म्हणून कितीही घासले तरी तो जात नाही. पुन्हा पॉलिशच करावे लागते.

ग्रॅनाइटला आपल्या स्वयंपाकातली आंबटे बाधत नाहीत. खनिजांचा कठीणपणा एक ते दहा अशा मापाने मोजतात. त्यात संगमरवर तीनच्या आसपास, सुरीचे पोलाद साडेपाच आणि ग्रॅनाइट सहा-सात. म्हणजे सुरीने संगमरवर सहज ओरखडतो, ग्रॅनाइटवर सुरीच बोथट होते. रोजच्या फोडण्या, कुकर आणि हळद पाहता मुख्य ओट्याला गडद ग्रॅनाइटच बरा. पांढऱ्या संगमरवराची हौस असेल तर ती देवघरात भागवावी.

हल्ली 'क्वार्ट्झ' नावाने जे विकतात तो खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाचा चुरा आणि बाकी रेझिन असे त्याचे मिश्रण असते. डाग त्यावर कमी पडतात, पण आचेवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर रेझिन करपून कायमचा डाग पडू शकतो.

दुकानात जाताना

पिशवीत चार वस्तू ठेवा : पाण्याची बाटली, लिंबू, पांढरे फडके आणि नेलपॉलिश काढायचे अ‍ॅसिटोन. दुकानदाराकडून निवडलेल्या लाटेचाच तुकडा मागून घ्या आणि या चाचण्या करा.

१. पाण्याचे काही थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटे थांबा. खालची जागा गडद झाली तर दगड पाणी पितो. तेल आणि हळदही पिणार.

२. लिंबाचा रस दहा मिनिटे ठेवून पुसा. चमक गेली तर तो नावाला ग्रॅनाइट, जातीने चुन्याचा.

३. फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन काळा दगड घासा. फडके काळे झाले तर दगड रंगवलेला आहे.

४. अखंड लाट ओली करून पुसा आणि वाळताना पाहा. भेगेत पाणी टिकते, त्यामुळे तिची रेघ ओलीच दिसत राहते. मागच्या बाजूला जाळी चिकटवलेली असेल तर ती का, हे विचारा.

भाव चौरस फुटावर असतो. वेडेवाकडे कडेचे भाग आणि सिंकसाठी कापून काढलेला तुकडा मोजणीत धरला का, हे आधीच लिहून घ्या.

बसवताना

जाडी १८ ते २० मिलिमीटर घ्यावी. एवढ्या जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण पाच किलो भरतो. म्हणजे दहा फूट लांब, दोन फूट रुंद ओटा शंभर किलोंचा, आणि खालचा आधार तसाच पक्का हवा. सिंक आणि हॉबसाठी कापताना आतले कोपरे गोलसर ठेवायला सांगा. टोकदार काटकोनातूनच भेग सुरू होते. पुढच्या कडेखाली एक बारीक खाच पाडून घेतली की पाणी कपाटाच्या दारांवर ओघळत नाही.

उंची जो रोज स्वयंपाक करतो त्याच्या मापाने ठरवा. कोपर वाकवून उभे राहिल्यावर कोपराच्या चार-सहा इंच खाली ओटा यावा. पाच फुटांच्या सासूबाईंना ३६ इंचांवर पोळ्या लाटायला लावले तर खांद्याचे दुखणे ठरलेले.

आणि एक विनंती. बंद खोलीत कोरडे ग्राइंडर चालवू देऊ नका. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव हिस्सा किंवा थोडी जास्त सिलिका असते, क्वार्ट्झमध्ये त्याच्या कितीतरी पट. ती धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि त्यातून फुफ्फुसे पूर्ववत होत नाहीत. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडावर बंदी घातली. कापणी शक्यतो कारखान्यात करून घ्यावी. घरी करावीच लागली तर पाणी सोडत, मोकळ्या हवेत, आणि कारागिराच्या नाकावर रुमालाऐवजी एन-९५ मास्क. तो आपल्या खर्चाने आणून द्यावा. ओट्याच्या किमतीपुढे ती रक्कम काहीच नाही.

रोजची निगा

भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात घालून मऊ फडक्याने पुसा आणि लगेच कोरडे करा. व्हिनेगर, फरशीचे अ‍ॅसिड आणि तारेची घासणी ओट्यापासून दूर ठेवा. कडप्प्यावर अधूनमधून खोबरेल तेलाचा हलका हात फिरवण्याची जुनी पद्धत आजही चालते.

तेलाचा डाग पडला तर खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट त्यावर थापून प्लास्टिकने झाका, दुसऱ्या दिवशी काढा. गरज पडली तर पुन्हा करा. फिकट दगडावरच्या हळदीसाठी त्याच पेस्टमध्ये पाण्याऐवजी औषधाच्या दुकानातले तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा, पण आधी कोपऱ्यात करून पाहा.

दगड पाणी पिणारा असेल तर सीलर लावून घ्यावा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, पाण्याच्या थेंबाची चाचणी पुन्हा करावी. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर काहीच करायला नको. पसरून मुरला तर सीलर पुन्हा लावायची वेळ झाली. आणि नारळ ओट्याच्या कडेवर फोडायची सवय घरात कुणाला असेल तर ती मोडावी. ग्रॅनाइट कितीही कठीण असला तरी कडेचा टवका उडतोच.