तुम्ही न लिहिलेलं मृत्युपत्र

तुम्ही मृत्युपत्र केलंय का? ‘अजून नाही’ असं उत्तर असेल, तर एक गंमत सांगतो. ते तयार आहे. दिल्लीत संसदेत बसून ते कधीचंच लिहून ठेवलेलं आहे आणि 17 जून 1956 पासून ते अमलातही आहे. हिंदू वारसा कायदा हे त्याचं नाव. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापैकी जो कोणी काही न लिहिता जातो, त्याच्या मालमत्तेची वाटणी हा कायदा करतो. खानावळीतल्या ठरलेल्या थाळीसारखं आहे हे. तुम्ही काही मागवलं नाहीत की ती समोर येते, आणि वाढणाऱ्याला तुमची आवडनिवड ठाऊक नसते.

त्या थाळीत काय आहे, हे पाहिलंय कधी?

समजा, पुण्यात एक गृहस्थ अचानक गेले. मागे स्वतःच्या कमाईचा फ्लॅट, बायको, एक मुलगा, एक मुलगी. गावी आई-वडील आणि एक भाऊ. फ्लॅट कोणाचा? बायकोचा, असं आपण पटकन म्हणून टाकतो. कायदा म्हणतो, चार सारखे हिस्से करा: बायको, मुलगा, मुलगी आणि आई. आई सुनेच्या बरोबरीने! आणि वडील? त्यांना काहीच नाही. आई पहिल्या वर्गाची वारस, वडील दुसऱ्या वर्गाचे. पहिल्या वर्गातलं एक जरी माणूस हयात असलं, तरी दुसऱ्या वर्गापर्यंत पाळीच येत नाही.

खरी करामत तर पुढे आहे. काही वर्षांनी ती आईही काही न लिहिता गेली. तिचा पाव हिस्सा आता तिच्या वारसांत फुटतो: नवरा, हयात मुलगा आणि गेलेल्या मुलाची मुलं. ज्या वडिलांना आधी काहीच मिळालं नव्हतं, ते मागच्या दाराने फ्लॅटचे भागीदार झाले, आणि त्यांच्या मागोमाग दीरही आला. वहिनीला फ्लॅट विकायचा, तर आता दोघांच्याही सह्या लागणार. यात कोणी लबाडी केली का? कोणीच नाही. सगळं आपोआप घडलं.

बाईच्या बाबतीत ही थाळी आणखी चकित करते. विवाहित स्त्री मूलबाळ आणि नवरा मागे न ठेवता गेली, तर तिच्या स्वकमाईवर पहिला हक्क नवऱ्याच्या वारसांचा. तिचे स्वतःचे आई-वडील त्यांच्यानंतर. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं. 1955 मध्ये लग्न झालेली मुलगी तीन महिन्यांत विधवा झाली आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरी राहून ती शिकली, नोकरीला लागली, बँकेत आणि भविष्यनिर्वाह निधीत पैसे साठवले. 1996 मध्ये ती गेली आणि त्या पैशांवर तिच्या आईने दावा सांगितला. निकाल सासरच्या बाजूने लागला. सहानुभूती आपल्या जागी, कायद्यातला क्रम स्पष्ट आहे, असं न्यायालयाने म्हटलं. तिने एका कागदावर चार ओळी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या, तर हा खटला उभाच राहिला नसता.

तेव्हा मृत्युपत्र करण्याची वेळ वयावर ठरत नाही. अठरा पूर्ण आणि मन ठिकाणावर, एवढं कायद्याला पुरतं. ही थाळी आपल्या घराला चालणारी नाही हे लक्षात आलं, की वेळ झाली. मूल नसलेलं जोडपं, दुसरं लग्न, एकटी राहणारी बाई, आयुष्यभर सांभाळावं लागणारं अपत्य, अशा घरांत तर ती आजच आलेली आहे.

आणि हा कागद किती साधा! स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही. वकिली भाषा नको, मराठीत लिहिलेलं चालतं. एवढ्याशा कागदाने लाखोंची घरं हात बदलतात, पण लिहिणारा जिवंत असेपर्यंत त्याची ताकद शून्य. आज लिहा, उद्या फाडा, परवा नवं लिहा; कोणाला विचारायची गरज नाही.

पण तुम्ही तो कपाटात ठेवता आणि बाहेरचं जग हलत राहतं. ‘दादरचा फ्लॅट मुलीला’ असं लिहिलंत. पुढे फ्लॅट विकून पैसे मुदत ठेवीत टाकलेत. मुलीला ती ठेव मिळेल? नाही. दिलेली वस्तूच उरली नाही, म्हणून ते देणंही विरलं. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, तर नवा फ्लॅट म्हणजे जुनाच का, यावर दोन्हीकडचे वकील खुशाल भांडू शकतात. पुनर्विकासाच्या करारावर सही केलीत, की त्याच आठवड्यात मृत्युपत्र काढून वाचा, असं मी तरी म्हणेन.

वारसदार आधी गेला तर? भावाला काही ठेवलं आणि भाऊच आधी गेला, तर ते देणं सहसा बुडतं. पण मुलाला ठेवलं आणि तो स्वतःची मुलं मागे ठेवून आधी गेला, तर कायदा चमत्कार करतो. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम 109 असं धरून चालतं, की मुलगा वडिलांच्या लगेच नंतर वारला. गेलेला माणूस कागदावर क्षणभर जिवंत होतो, आपला वाटा घेतो आणि तो पुढच्यांना देऊन पुन्हा जातो!

लग्नाचा नियम तर धर्मागणिक बदलतो. ख्रिस्ती किंवा पारशी माणसाने लग्न केलं, की त्याचं आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द. हिंदूचं मात्र जसंच्या तसं राहतं. पंचविशीत सगळं भावाच्या नावे लिहून ठेवलं असेल, तर संसार, मुलं, नातवंडं झाल्यावरही ते भावाच्याच नावे. आणि घटस्फोट? त्याने आपोआप काहीही पुसलं जात नाही.

‘पण नॉमिनी लावलाय की आम्ही!’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं, की शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी केवळ सांभाळणारा, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते.

गोव्यात तर हिशोबच निराळा. पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी संहितेतून आलेल्या पद्धतीत सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे तुमची निम्मी. तिच्यातलीही निम्मी मुलांसाठी राखीव. मनाप्रमाणे देता येतो तो दोघांच्या एकूण मालमत्तेचा चौथा हिस्सा. म्हापशातला माणूस सावंतवाडीच्या मामेभावाचं मृत्युपत्र बघून स्वतःचं लिहायला बसला, तर फसलाच.

कधी कधी घरात काहीही घडत नाही, कायदाच बदलतो. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. आजोबांनी त्याआधी ‘माझी अर्धी जमीन’ असं लिहून ठेवलं असेल, तर ती अर्धी आज अर्धी आहे का, हे आधी तपासावं लागतं. स्वतःचा हिस्सा असतो तेवढाच देता येतो.

राहिले साक्षीदार. त्यांनी मजकूर वाचलेला असण्याची गरज नाही. सही करणाऱ्याला पाहिलेलं असलं की पुरतं. पण पुढे वाद कोर्टात गेला, तर त्यांच्यापैकी निदान एकाने, हयात असेल तर, येऊन साक्ष द्यावी लागते. आपण मात्र हौसेने सह्या घेतो त्या आपल्याच वयाच्या जुन्या मित्रांच्या. मृत्युपत्र वीस वर्षांपूर्वीचं असेल, तर फ्लॅट आणि वारसांची नावं पाहून झाल्यावर खाली त्या दोन सह्यांकडेही बघा. दोघेही गेले असतील, तर मजकुरात एक अक्षरही बदलायचं नसलं तरी तो नव्याने लिहून काढा, आणि या वेळी सहीला शेजारच्या तिशीतल्या जोडप्याला बोलवा.