घटक ४ : क्लाउड संगणनातील सानुकूल भूमिका – निर्मिती आणि चाचणी

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास
• भूमिकाधारित प्रवेश-नियंत्रणाची संकल्पना स्पष्ट करता येईल.
• मूलभूत, पूर्वनिर्धारित आणि सानुकूल भूमिकांतील फरक सांगता येईल.
• एखाद्या कामासाठी नेमक्या परवानग्यांची भूमिका कशी रचावी, हे समजेल.
• तयार केलेल्या भूमिकेची होकारार्थी आणि नकारार्थी चाचणी कशी घ्यावी, हे सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण क्लाउड संगणनाचे स्वरूप पाहिले. आपली माहिती व आपले संगणक दुसऱ्याच्या जागेत असतात आणि इंटरनेटच्या साहाय्याने आपण त्यांचा वापर करतो. तेथे दाराला कडी-कुलूप नसते, दाराशी रखवालदारही नसतो. कोणाला काय करू द्यायचे, हे केवळ नोंदींवरून ठरते. त्यामुळे या नोंदी हेच कुलूप असते.

नोंद सैल राहिली तर काय होते, याचे एक उदाहरण सर्वपरिचित आहे. २०१९ साली अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेची क्लाउडवरील माहिती चोरीस गेली. अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती तीत होती. चुकीची रचना असलेल्या एका संरक्षक यंत्रणेतून चोराने आत प्रवेश मिळवला. परंतु हानी एवढी मोठी झाली ती त्या यंत्रणेला दिलेल्या भूमिकेमुळे. त्या भूमिकेला साठ्यांची यादी पाहण्याची आणि त्यांतील माहिती वाचण्याची मुभा होती. २०२० साली नियामकाने या बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. दार फुटणे हा एक दोष झाला. दारापाशी असलेल्याच्या हाती कोठीची किल्ली असणे हा दुसरा. प्रस्तुत घटकाचा विषय हा दुसरा दोष आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ भूमिकाधारित प्रवेश-नियंत्रण

‘भूमिका’ हा शब्द आपल्याला नाटकामुळे परिचित आहे. नट बदलला तरी भूमिका कायम राहते आणि त्या भूमिकेने काय बोलावे, काय करावे हे संहितेत आधीच ठरलेले असते. संगणकशास्त्रातही हीच कल्पना आहे. व्यक्तीला थेट अधिकार न देता आधी भूमिका ठरवायची, भूमिकेला परवानग्या जोडायच्या आणि मग ती भूमिका व्यक्तीस द्यायची. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ साली या पद्धतीची औपचारिक मांडणी केली. २००४ साली तिला अमेरिकेत राष्ट्रीय मानकाचे स्थान मिळाले.

या पद्धतीमागे एक जुने तत्त्व आहे. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ते मांडले. प्रत्येक वापरकर्त्याला आणि प्रत्येक आज्ञावलीला तिच्या कामापुरतेच अधिकार असावेत, असे ते तत्त्व आहे. त्यास ‘किमान अधिकाराचे तत्त्व’ म्हणतात. हे तत्त्व माणसावरील अविश्वासातून आलेले नाही, हे ध्यानात घ्यावे. प्रामाणिक माणसाच्याही हातून चूक होते, त्याचा पासवर्डही चोरीस जातो. अशा वेळी हानी किती व्हावी, याची मर्यादा हे तत्त्व आधीच आखून ठेवते.

४.२.२ भूमिकांचे तीन प्रकार

येथून पुढील विवेचन गूगल क्लाउड या सेवेच्या आधारे केले आहे. अन्य सेवांत नावे व तपशील बदलतात. मूळ विचार बदलत नाही.

(अ) मूलभूत भूमिका : ओनर, एडिटर आणि व्ह्यूअर या जुन्या, अतिव्यापक भूमिका. एडिटर ही भूमिका दिलेल्या व्यक्तीस प्रकल्पातील बहुतेक सेवांतील साधने निर्माण करता येतात आणि नष्टही करता येतात.

(आ) पूर्वनिर्धारित भूमिका : एकेका सेवेसाठी गूगलने तयार करून दिलेल्या भूमिका. सेवेत नवी सोय आली की गूगल स्वतः त्यांतील परवानग्या अद्ययावत करते.

(इ) सानुकूल भूमिका : आपण स्वतः परवानग्या निवडून घडवलेली भूमिका. ती गूगल अद्ययावत करीत नाही. तिची देखभाल आपल्याकडेच राहते.

म्हणून सानुकूल भूमिका हा पहिला उपाय नव्हे. पूर्वनिर्धारित भूमिकेने काम भागत असेल तर तीच घ्यावी. तिच्यात नको असलेला अधिकार येत असेल, तरच स्वतःची भूमिका घडवावी.

४.२.३ सानुकूल भूमिकेची निर्मिती

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका तालुक्याच्या ग्रंथालयाने जुन्या नियतकालिकांची पाने स्कॅन करून त्यांची शोधसूची क्लाउडवरील एका आभासी यंत्रावर ठेवली आहे. यंत्र बंद असताना त्याच्या प्रोसेसरचे व स्मृतीचे शुल्क लागत नाही. डिस्कचे मात्र लागत राहते. म्हणून सकाळी यंत्र सुरू करणे आणि सायंकाळी बंद करणे, हे काम देवघेव विभागातील कर्मचाऱ्याकडे द्यायचे आहे.

यंत्रांसाठी असलेली ‘कॉम्प्यूट इन्स्टन्स अ‍ॅडमिन’ ही पूर्वनिर्धारित भूमिका दिली, तर त्या कर्मचाऱ्यास यंत्र काढून टाकण्याचाही अधिकार मिळतो. यंत्र काढून टाकले की त्याची आरंभ-डिस्कही, वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर, आपोआप नष्ट होते. एका चुकीच्या कळीने कित्येक महिन्यांची सूची नाहीशी होऊ शकते. येथे सानुकूल भूमिकेची गरज खरी आहे.

निर्मितीचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. काम क्रियापदांत लिहावे. कर्मचारी यंत्रांची यादी पाहतो, यंत्राची स्थिती पाहतो, यंत्र सुरू करतो, यंत्र बंद करतो. याखेरीज तो काही करीत नाही. हे शेवटचे वाक्यही लिहून ठेवावे. चाचणीच्या वेळी त्याचाच उपयोग होतो.

२. क्रियापदांना परवानग्या जोडाव्यात. प्रत्येक परवानगीच्या नावात सेवा, साधन आणि क्रिया असे तीन भाग टिंबाने जोडलेले असतात. आपल्या उदाहरणात ‘कॉम्प्यूट.इन्स्टन्सेस.लिस्ट’, ‘कॉम्प्यूट.इन्स्टन्सेस.गेट’, ‘कॉम्प्यूट.इन्स्टन्सेस.स्टार्ट’ आणि ‘कॉम्प्यूट.इन्स्टन्सेस.स्टॉप’ या चार परवानग्या येतात.

३. धोक्याच्या परवानग्या ओळखाव्यात. काही परवानग्या दिसायला एकट्या असतात. परंतु त्यांतून बाकीचे सारे अधिकार मिळवता येतात. प्रकल्पाचे प्रवेश-धोरण बदलण्याची परवानगी असणारा स्वतःलाच कोणतीही भूमिका देऊ शकतो. भूमिका बदलण्याची परवानगी असणारा आपल्याच भूमिकेत भर घालू शकतो. अशा परवानग्या सामान्य कामाच्या भूमिकेत ठेवू नयेत.

४. पातळी ठरवावी. सानुकूल भूमिका संपूर्ण संस्थेच्या किंवा एका प्रकल्पाच्या पातळीवर निर्माण करता येते. त्यांच्या मधल्या फोल्डरच्या पातळीवर ती निर्माण करता येत नाही. प्रकल्पात घडवलेली भूमिका त्याच प्रकल्पात वापरता येते.

५. नाव, वर्णन आणि ओळखचिन्ह द्यावे. नाव व वर्णन पुढे बदलता येते, ओळखचिन्ह बदलता येत नाही. वर्णनात ही भूमिका कोणासाठी व कशासाठी आहे, हे स्पष्ट लिहावे. भूमिकेची व्याख्या एका फाइलमध्ये लिहून ठेवल्यास चाचणीच्या प्रकल्पात तीच भूमिका पुन्हा निर्माण करता येते.

४.२.४ भूमिकेची चाचणी

भूमिका निर्माण झाली म्हणजे काम संपले, असे समजू नये. कागदावर बरोबर दिसणारी भूमिका प्रत्यक्षात दोन प्रकारे चुकते : ती आवश्यक तेथे अपुरी पडते किंवा अनावश्यक तेथे पुरून उरते. पहिली चूक लगेच कळते, कारण काम अडते आणि माणूस तक्रार करतो. दुसरीबद्दल मात्र कोणीही तक्रार करीत नाही. म्हणूनच ती मुद्दाम शोधावी लागते.

चाचणी खाते : चाचणीसाठी स्वतंत्र खाते घ्यावे आणि त्याला केवळ हीच भूमिका द्यावी. गूगल क्लाउडमध्ये भूमिकांचे अधिकार एकमेकांत मिळवले जातात आणि संस्थेकडून फोल्डरकडे, फोल्डरकडून प्रकल्पाकडे उतरत येतात. व्यवस्थापकाने स्वतःच्या खात्यावरून चाचणी घेतली तर प्रत्येक क्रिया यशस्वी होईल. परंतु ते यश नव्या भूमिकेचे नसेल.

चाचणीची जागा : नकारार्थी चाचणीत आपण निषिद्ध क्रिया करून पाहतो. भूमिका चुकलेली असेल तर ती क्रिया खरोखरच घडेल. म्हणून ही चाचणी मूळ यंत्रावर न घेता स्वतंत्र प्रकल्पातील तात्पुरत्या यंत्रावर घ्यावी.

होकारार्थी चाचणी : लिहून ठेवलेले प्रत्येक क्रियापद करून पाहावे. आपल्या उदाहरणात येथे एक उणीव उघड होते. आज्ञा-साधनातून यंत्र सुरू करण्याची आज्ञा दिली की ते काम ‘प्रगतीत असलेली क्रिया’ म्हणून नोंदवले जाते आणि ती पूर्ण झाली का, हे साधन विचारत राहते. ते विचारण्यासाठी ‘कॉम्प्यूट.झोनऑपरेशन्स.गेट’ ही परवानगी लागते. ती नसेल तर यंत्र सुरू होऊनही पडद्यावर नकाराचा संदेश येतो. कर्मचाऱ्याला वाटेल की यंत्र सुरूच झाले नाही. चौघींत ही पाचवी परवानगी मिळवावी. अशा वेळी घाईने एडिटर भूमिका देऊन मोकळे होण्याचा मोह होतो, तो टाळावा. नकाराच्या संदेशात उणी असलेली परवानगी बहुधा नावानिशी सांगितलेली असते. तेवढीच जोडून पुन्हा चाचणी घ्यावी.

नकारार्थी चाचणी : यंत्र काढून टाकणे, नवे निर्माण करणे, डिस्क नष्ट करणे, दुसऱ्यास भूमिका देणे या क्रिया करून पाहाव्यात. प्रत्येक वेळी नकार आला तरच चाचणी उत्तीर्ण झाली.

थांबण्याचा काळ : प्रवेश-धोरणातील बदल सर्वत्र पोहोचण्यास साधारणतः २ मिनिटे, क्वचित ७ मिनिटे वा अधिक काळ लागतो. त्यामुळे बदल करताच मिळालेला निकाल अंतिम मानू नये.

साहाय्यक साधने : ‘पॉलिसी ट्रबलशूटर’ हे साधन एखाद्या खात्यास एखादी परवानगी आहे की नाही आणि असल्यास ती कोणत्या भूमिकेतून आली, हे सांगते. ‘पॉलिसी सिम्युलेटर’ मागील ९० दिवसांतील प्रवेशाचे प्रयत्न प्रस्तावित धोरणाशी ताडून कोणते निकाल बदलतील, हे बदल करण्यापूर्वीच दाखवते.

४.२.५ देखभाल

कामाचे स्वरूप बदलले की भूमिकाही तपासावी व पुन्हा चाचणी घ्यावी. भूमिका नकोशी झाल्यास ती एकदम पुसून टाकण्याऐवजी आधी ‘निष्क्रिय’ करावी. तसे केल्याने तिचे अधिकार थांबतात आणि ती कोठे वापरात होती, हे कळून येते. पुसलेली भूमिका ७ दिवसांच्या आत परत आणता येते. त्यानंतर ती कायमची जाते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. किमान अधिकाराचे तत्त्व म्हणजे काय?
२. सानुकूल भूमिका कोणत्या दोन पातळ्यांवर निर्माण करता येते?
३. चाचणीचे खाते स्वतंत्र का असावे?

४.३ सारांश

क्लाउडवरील साधनांचे रक्षण प्रवेश-नोंदींच्या नेमकेपणावर अवलंबून असते. पूर्वनिर्धारित भूमिका अधिक अधिकार देत असेल, तर सानुकूल भूमिका घडवावी. त्यासाठी काम क्रियापदांत मांडावे, तेवढ्याच परवानग्या निवडाव्यात आणि स्वतंत्र खात्यावरून दोन्ही चाचण्या घ्याव्यात. भूमिका काय करू देते, याइतकेच ती काय करू देत नाही, हे तपासणे महत्त्वाचे आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

परवानगी : एका साधनावर एक विशिष्ट क्रिया करण्याची मुभा.
भूमिका : परवानग्यांचा नाव दिलेला संच.
प्रवेश-धोरण : कोणास कोणती भूमिका आहे, याची नोंद.
आभासी यंत्र : क्लाउडवरील संगणकात सॉफ्टवेअरने निर्माण केलेला स्वतंत्र संगणक.

४.५ स्वयं-अध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे

१. प्रत्येकास त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, हे किमान अधिकाराचे तत्त्व होय.
२. सानुकूल भूमिका संस्था आणि प्रकल्प या पातळ्यांवर निर्माण करता येते.
३. अन्य भूमिकांतून आलेले अधिकार निकालात मिसळू नयेत, म्हणून चाचणीचे खाते स्वतंत्र असावे.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. सानुकूल भूमिकेच्या निर्मितीचे टप्पे सोदाहरण स्पष्ट करा.
२. नकारार्थी चाचणीची आवश्यकता विशद करा.
३. आपल्या कार्यालयातील किंवा दुकानातील एका कामाची क्रियापदे लिहा. त्या कामास नको असलेले कोणते अधिकार आज दिले गेले आहेत, याची यादी करा.