थारचं टणक प्लास्टिक

थारच्या डॅशबोर्डवर बोटाने टकटक करून 'एवढे पैसे मोजून हे प्लास्टिक?' असं विचारणारे पुष्कळ. तेवढ्याच किमतीच्या शहरी एसयूव्हीत हात टेकला की मऊ लागतं. मग पैसा जातो कुठे? बराचसा गाडीच्या पोटाखाली: वेगळी लॅडर चासी, चारही चाकं फिरवणारी यंत्रणा, चढासाठी लो-रेंज गिअर. शोरूममध्ये हे कोण वाकून बघतो!

दुसरं कारण चिखल. मऊ डॅशबोर्ड म्हणजे टणक सांगाड्यावर फोम आणि वर पातळ आवरण. ते फाटलं की फोम पाणी पितो, कुबट वास धरतो. टणक प्लास्टिक ओल्या फडक्याने पुसलं की झालं. 2020च्या थारमध्ये तर गाडीचा तळ धुऊन बुचं काढली की पाणी खाली निघून जातं. तिच्या डॅशबोर्डचा दर्जा आयपी 54, म्हणजे तो धुळीला बऱ्यापैकी अडवतो आणि शिंतोड्यांना दाद देत नाही. त्यावर पाइप मात्र धरू नये.

अर्थात पॅनेलमधल्या असमान फटी, बोचऱ्या कडा, कुरकुरणारी झाकणं यांचं खापर चिखलावर फोडता येत नाही. ती निव्वळ काटकसर.

2024ची थार रॉक्स 12.99 लाखांपासून आली. वरच्या प्रकारांत डॅशबोर्डवर लेदरेट, आणि सीट चक्क पांढरट! कोकणच्या लाल मातीत त्यांचं काय होणार, हे सांगायला नको. पुढे फोर-बाय-फोरला तपकिरी सीटचा पर्याय मिळाला.