टॅबची परीक्षा सायवनच्या पावसात घ्या!

सरकारला शाळा सुधारायची लहर आली की आधी यंत्र आठवते. कधी दूरचित्रवाणी संच, कधी संगणक, आता टॅब. निविदा निघते, माल येतो, मंत्र्यांच्या हस्ते वाटप होते, फोटो छापून येतो. त्या टॅबने हायस्कूलच्या वर्गात मूल काय शिकले, हे मात्र क्वचितच तपासले जाते. आमचा विरोध टॅबला नाही. शहरातल्या पैसेवाल्याच्या मुलाच्या हाती जे आहे, ते डहाणू-तलासरीच्या वारली मुलाच्या हातीही आलेच पाहिजे. पण विकत घेण्याआधी त्याची परीक्षा कुठे आणि कोण घेणार, हा आमचा सवाल आहे.

'आकाश'ची कथा आठवा. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी हा टॅब आणला. सरकारला तो सुमारे २,२५० रुपयांना पडला. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून डंका पिटला गेला. पण बोट दाबून दाबून दुखावे असा पडदा, मंद चाल आणि जेमतेम तीन तासांत मान टाकणारी बॅटरी, यामुळे त्याचे हसे झाले. पुढे भांडण पेटले ते चाचणीवरूनच. राजस्थानची आयआयटी तासाला चार इंच पाऊस झेलणारा टॅब मागते, एवढ्या पैशांत तो कसा द्यायचा, अशी कंपनीची तक्रार होती. २०१२ मध्ये ते काम मुंबईच्या आयआयटीकडे गेले.

वातानुकूलित दालनात ही पावसाची अट हास्यास्पद वाटेल. सायवनला वाटणार नाही. आषाढात पाड्यावरून पायी येणाऱ्या मुलीचे दप्तर कोणत्या अवस्थेत वर्गात पोचते, ते इथल्या शिक्षकाला विचारा. म्हणून पहिली कसोटी पावसाची.

दुसरी कसोटी विजेची. डहाणूच्या औष्णिक प्रकल्पाची क्षमता ५०० मेगावॅट. ती वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. धूर इथला, दिवे तिथले! तेव्हा दिवसभर वीज नसली तरी टॅब शाळा सुटेपर्यंत चालतो काय? चाळीस टॅब एकदम चार्ज करायची सोय शाळेत आहे काय?

तिसरी कसोटी आतल्या मजकुराची. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. २०१८ मध्ये राज्याची आठवीची पुस्तकेच बदलली. जुना मजकूर बदलायचा कोणी, हे करारात आधीच लिहिलेले हवे. नेटवर्क नसताना धडा उघडला पाहिजे. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला त्यातले मराठी समजले पाहिजे. आणि पडदा फुटला तर दुरुस्ती तालुक्यातच झाली पाहिजे.

एवढे सगळे जमले तरी शिकवणारा माणूस हवाच. पेरू देशात शाळकरी मुलांना लॅपटॉप वाटले गेले. २०१२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या हाती यंत्रे आली, पण गणितात आणि भाषेत फरक पडला नाही. याउलट आमच्याच डहाणू तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे नेली. साधन मुलाच्या गरजेतून निघाले, निविदेतून नव्हे.

आमची मागणी सरळ आहे. जून ते ऑक्टोबर असे एक सत्र या दोन तालुक्यांतल्या काही हायस्कुलांत टॅब द्या, काहींत देऊ नका. सत्राआधी आणि सत्रानंतर दोन्हीकडे एकच परीक्षा घ्या. शिक्षकांचे आणि मुलांचे म्हणणे लिहून घ्या. किती टॅब बिघडले, किती दिवस बंद पडून राहिले, ते मोजा. हा अहवाल ग्रामसभेपुढे वाचा. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला मान दिला आहे, तो कागदावरच का राहावा? निकाल चांगला आला तर एकाही मुलाला न वगळता टॅब द्या. वाईट आला तर तोच पैसा शिक्षकांच्या रिक्त जागा, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांवर खर्च करा.

आमच्या मुलांच्या नावाने खरेदी होते. मग माल पारखण्याचा हक्कही आमच्या मुलांचाच आहे. तो मागून मिळत नसेल, तर संघटित होऊन मिळवावा लागेल.