बदकांच्या कळपात नव्या पक्ष्यांचा समावेश
बदकांच्या कळपात नव्या पक्ष्यांचा समावेश म्हणजे आधीपासून एकत्र राहणाऱ्या पाळीव बदकांमध्ये बाहेरून आणलेली किंवा वेगळी वाढवलेली बदके टप्प्याटप्प्याने मिसळवण्याची प्रक्रिया होय. नवे पक्षी आकाराने, वयाने किंवा जातीने वेगळे असल्यास ही प्रक्रिया अधिक जोखमीची ठरते. रोगाचा शिरकाव आणि वजनदार पक्ष्यांकडून लहान पक्ष्यांना होणारी इजा हे तिच्यातील दोन प्रमुख धोके आहेत. दोन्ही धोके घाईमुळे वाढतात. त्यामुळे विलगीकरण, जाळीआडून ओळख आणि देखरेखीखाली एकत्रीकरण असा क्रम पाळला जातो.

कळपातील श्रेणी
एकत्र राहणाऱ्या पक्ष्यांमध्ये वरचढ आणि दुय्यम असा क्रम ठरलेला असतो. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लेफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी कोंबड्यांमधील अशा क्रमाचे वर्णन केले. बदकांतही असा क्रम आढळतो. नवा पक्षी येताच तो विस्कळीत होतो आणि काही दिवस मान पुढे काढून धावून जाणे, पाठलाग करणे, छातीने ढकलणे असे प्रकार घडतात. क्रम पुन्हा ठरला की ते आपोआप कमी होतात. हे वर्तन स्वाभाविक असले, तरी दोन्ही पक्षांचे बळ साधारण सारखे असेल तोवरच ते निरुपद्रवी राहते.

जाती व आकारभेद
बहुतेक पाळीव बदके मॅलार्ड (अ‍ॅनास प्लॅटिरिंकॉस) या रानबदकापासून उत्पन्न झाली आहेत. मस्कोव्ही बदक (कैरिना मोस्काटा) मात्र मध्य व दक्षिण अमेरिकेतील स्वतंत्र प्रजाती आहे. वजनातील तफावत मोठी आहे. शोभेसाठी पाळले जाणारे कॉल बदक साधारण अर्धा ते पाऊण किलो भरते. अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेली, इंग्लंडमध्ये विकसित झालेली खाकी कॅम्पबेल जात सुमारे दोन किलोची असते, तर मांसासाठी पाळले जाणारे पेकिन बदक चार किलोच्या आसपास जाते. मस्कोव्ही नर त्याहूनही जड असू शकतो. त्याची मादी मात्र वजनाने सुमारे निम्मीच असते. म्हणजे एकाच कळपात एका पक्ष्याचे वजन दुसऱ्याच्या पाच-सहापट असू शकते. पेकिनने पेकिनला दिलेला धक्का क्षुल्लक असतो. तोच धक्का कॉल बदकाचा पाय निकामी करू शकतो.

विलगीकरण
नव्या पक्ष्यांना प्रथम सुमारे ३० दिवस पूर्णपणे वेगळे ठेवण्याची शिफारस केली जाते. या काळात त्यांची भांडी, पाणी आणि निवारा स्वतंत्र असतो. आधी जुन्या कळपाचे काम उरकून नंतर नव्या पक्ष्यांकडे जाणे आणि पादत्राणे व हात धुणे हे नियम पाळले जातात. नाकाडोळ्यांतून स्राव, हिरवट पातळ विष्ठा, लंगडणे, खाण्यावरची वासना उडणे ही लक्षणे या काळात पाहिली जातात. बदकांचा प्लेग हा विषाणुजन्य रोग प्रौढ बदकांनाही मारक असून त्यावर लस उपलब्ध आहे. तिचे वेळापत्रक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावे लागते.

निरोगी दिसणारे बदक रोगमुक्त असेलच असे नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूची भारतातील पहिली नोंद झाली. बदके या गटातील विषाणू पुष्कळदा लक्षणांविना वाहून नेतात. म्हणून विलगीकरणाइतकेच पक्षी कोठून आणले यालाही महत्त्व आहे.

ओळख व एकत्रीकरण
विलगीकरण संपल्यावर नव्या पक्ष्यांना जुन्या कळपाशेजारी, मध्ये जाळी ठेवून, एक-दोन आठवडे ठेवले जाते. दोन्ही गट एकमेकांना पाहतात व ऐकतात, पण चोच पोहोचत नाही. एकटा नवा पक्षी सर्वांचे लक्ष्य होतो. त्यामुळे किमान दोन पक्षी एकत्र आणणे हितावह असते.

पहिली प्रत्यक्ष भेट बंदिस्त निवाऱ्यात नव्हे, तर मोकळ्या जागेत दिवसा घडवली जाते, कारण पळायला वाट असणे हेच दुबळ्या पक्ष्याचे संरक्षण असते. खाद्य व पाण्याची भांडी एकमेकांपासून दूर, दोन-तीन ठिकाणी ठेवली जातात. लहान बदकांना शिरता येईल पण मोठ्यांना येणार नाही असा आडोसा उपयुक्त ठरतो. दिवसभर शांतता टिकू लागल्यावरच रात्री एकत्र कोंडले जाते.

पिल्लांचा समावेश
पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ अंश सेल्सियस उबेची गरज असते. पुढे ती दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी केली जाते. आईविना वाढलेली पिल्ले पाण्यात भिजून गारठतात. सात ते नऊ आठवड्यांत पिसे पूर्ण येतात. त्यानंतर आणि आकार जुन्या पक्ष्यांच्या जवळपास पोहोचल्यावरच त्यांना मिसळवले जाते. लहान जातींच्या बाबतीत वय पूर्ण झाले तरी आकार तोकडाच राहतो, हे ध्यानात घ्यावे लागते.

खाद्याचा प्रश्नही येथे उद्भवतो. अंडी देणाऱ्या माद्यांच्या खाद्यातील जास्त कॅल्शियम वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना अपायकारक असते. मिश्र कळपाला वाढीचे खाद्य देऊन माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवणे हा रूढ उपाय आहे. बदकांच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा अधिक नायसिन लागते. त्याच्या अभावी पाय वाकतात. बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड मात्र सर्वच वयांत टाळावी लागते, कारण तीतील अफ्लाटॉक्सिन हे विष बदकांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते.

नर-मादी प्रमाण
एका नरामागे साधारण चार ते सहा माद्या असे प्रमाण योग्य मानले जाते. नर अधिक झाल्यास माद्यांच्या मानेवरची व पाठीवरची पिसे उपटली जातात. बदकांचे मीलन बहुधा पाण्यात होते. जड नराखाली लहान मादी बुडण्याचा धोका असल्याने सुरुवातीला खोल पाणी टाळले जाते. मस्कोव्ही आणि इतर पाळीव बदके यांचा संकर होतो, परंतु संततीत प्रजननक्षमता नसते.

धोक्याची लक्षणे
रक्त निघणे, मान धरून दाबून ठेवणे, लंगडणे, एखाद्या पक्ष्याला सतत खाद्य-पाण्यापासून हुसकावणे किंवा त्याने कोपऱ्यात बसून राहणे ही एकत्रीकरण थांबवण्याची लक्षणे आहेत. अशा वेळी त्रास देणाऱ्या पक्ष्याला काही दिवस वेगळे करून जाळीआडच्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात केली जाते. वजनातील तफावत फार मोठी असल्यास लहान जातीला कायम स्वतंत्र कुंपणात ठेवणे हाच सुरक्षित पर्याय उरतो.